अणू, रेणू आणि क्षार : सामान्य रसायनशास्त्राच्या उजळणीतील परिभाषेचा प्रश्न

प्रास्ताविक

‘रासायनिक अभिक्रियेत अणूंची संख्या बदलत नाही’ हे विधान बरोबर आहे की चूक? मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी ‘बरोबर’ असे उत्तर देईल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. हेच विधान हिंदी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर त्याने ‘चूक’ म्हटले पाहिजे आणि त्यालाही पूर्ण गुण द्यावे लागतील. दोघांचेही रसायनशास्त्र पक्के आहे. फरक आहे तो ‘अणू’ या एका शब्दाचा. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा अभिक्रियेत भाग घेणारा सर्वांत लहान कण. हिंदीत त्या कणाला ‘परमाणु’ म्हणतात, आणि हिंदीतील ‘अणु’ म्हणजे मराठीतील ‘रेणू’.

पुण्यात किंवा साताऱ्यात बसून पाहिले तर हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. इंदूरच्या लालबाग परिसरात तो किरकोळ राहत नाही. कान्ह नदीच्या काठी होळकरांचा लालबाग राजवाडा १८८६ ते १९२१ या काळात उभा राहिला. होळकरांच्या राजवटीबरोबर माळव्यात आलेली मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथील मराठी मुलाची घरची भाषा मराठी, शाळेची हिंदी. मुस्लीम कुटुंबातील त्याचा वर्गमित्र घरी उर्दू बोलतो, शाळेत हिंदी वाचतो. १८९१ साली स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयासारख्या संस्थेत विज्ञानाला प्रवेश घेतला की दोघांच्याही पुढ्यात इंग्रजी संदर्भग्रंथ येतात. सुट्टीत पुण्याहून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली मावशी भाच्याला रसायनशास्त्र समजावू लागते. मावशी बरोबर, पुस्तकही बरोबर, आणि भाचा मात्र गोंधळलेला, असा प्रकार होतो. बऱ्हाणपूर, जळगाव, भुसावळ या पट्ट्यातही मराठी, हिंदी आणि उर्दू अशाच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ज्या सामुदायिक महाविद्यालयांत निरनिराळ्या माध्यमांतून, कधी काही वर्षे शिक्षण खंडित होऊन विद्यार्थी येतात, तेथील शिक्षकांना मूळ संकल्पनांची उजळणी घेताना या मिश्रणाचा विचार करावाच लागतो.

एक मोल ऑक्सिजन म्हणजे किती?

शब्दाचा गोंधळ केवळ शब्दापुरता राहिला असता तर भाषेच्या शिक्षकाखेरीज कोणी त्याची दखल घेतली नसती. परंतु तो आकड्यांत उतरतो. ‘एक मोल ऑक्सिजन अणूंचे वस्तुमान काढा’ या प्रश्नाचे मराठी उत्तर १६ ग्रॅम आहे. प्रश्नातील ‘अणू’ हिंदी अर्थाने घेतला तर उत्तर ३२ ग्रॅम येते. ऑक्सिजनच्या बाबतीत चूक दुपटीची. फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा असल्यामुळे तेथे ३१ ऐवजी १२४ ग्रॅम येतील, आणि आठ अणूंच्या गंधकाच्या रेणूपाशी ३२ चे २५६ होतील. हेलियमचे कण सुटे असतात, तेथे दोन्ही अर्थांनी उत्तर ४ ग्रॅमच येते. त्यामुळे हेलियमच्या उदाहरणावर समजूत तपासणाऱ्या शिक्षकाला काहीच बिघडलेले दिसत नाही.

मोलची जी व्याख्या २० मे २०१९ पासून अमलात आली, तिच्यात कणांची संख्या ६.०२२१४०७६ × १०^२३ अशी नेमकी ठरवून दिलेली आहे. मात्र हे कण कोणते, म्हणजे अणू, रेणू, आयन की इलेक्ट्रॉन, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. ‘एक डझन’ म्हटल्यावर केळी की केळ्यांचे घड, हे सांगावे लागते, तसेच हे आहे. केवळ ‘एक मोल ऑक्सिजन’ असे लिहिलेला प्रश्न अपुरा आहे. मराठी व हिंदी दोन्ही जाणणाऱ्या वर्गात तर ‘एक मोल ऑक्सिजन अणू’ हा प्रश्नही अपुरा ठरतो.

पाणी तयार होण्याच्या अभिक्रियेत हे स्वच्छ दिसते. हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू होतात. आधी तीन रेणू होते, नंतर दोन उरले. अणू मात्र आधी सहा होते (चार हायड्रोजनचे, दोन ऑक्सिजनचे) आणि नंतरही सहाच आहेत. समीकरण संतुलित करणे म्हणजे अणूंचा हिशेब जुळवणे, रेणूंचा नव्हे. ज्याच्या मनात हे दोन कण वेगळे झालेले नाहीत, तो विद्यार्थी सूत्रांपुढचे आकडे अंदाजाने बदलत राहतो आणि शेवटी जुळलेले समीकरण पाठ करतो.

रसायनशास्त्रज्ञांचाही हाच गोंधळ

विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. अणू व रेणू यांतील भेद नीट न ठरल्यामुळे युरोपातील रसायनशास्त्रज्ञ जवळजवळ पन्नास वर्षे अडखळत होते.

जॉन डाल्टन याने १८०८ मध्ये अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा पाण्याच्या एका कणात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे त्याने गृहीत धरले. त्याच वर्षी गे-ल्युसॅक याने प्रयोगातून दाखवले की दोन आकारमाने हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमाने पाण्याची वाफ तयार होते. समान आकारमानांत समान कण मानले, तर ऑक्सिजनच्या एका कणापासून पाण्याचे दोन कण झाले पाहिजेत, म्हणजे ऑक्सिजनचा कण दुभंगला पाहिजे. अविभाज्य अणू दुभंगणार कसा? डाल्टनला हे मान्य होणे शक्य नव्हते. १८११ मध्ये अॅव्होगॅड्रो याने उत्तर दिले : ऑक्सिजन वायूचा सुटा कण हा मुळी अणू नव्हेच, तो दोन अणूंची जोडी आहे, आणि दुभंगते ती जोडी.

उत्तर बरोबर होते, पण ते फारसे कोणी ऐकले नाही. समान अणू एकमेकांना धरून राहणार नाहीत, या त्या काळच्या प्रभावी मताची आडकाठी होतीच. शिवाय अॅव्होगॅड्रोने दोन्ही कणांसाठी ‘मॉलेक्यूल’ हाच शब्द निरनिराळी विशेषणे लावून वापरला होता. आज इंदूरच्या विद्यार्थ्यापुढे जी अडचण आहे तीच तेव्हा वाचकांपुढे होती : एक शब्द, दोन कण. परिणाम असा झाला की ऑक्सिजनचा अणुभार कोणी ८ मानी, कोणी १६. केकुले याने १८६१ च्या आपल्या ग्रंथात अॅसेटिक आम्लाची, म्हणजे साध्या व्हिनेगरमधील आम्लाची, त्या वेळी वापरात असलेली १९ वेगवेगळी सूत्रे नोंदवलेली आहेत.

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे सव्वाशेच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ जमले. अणू आणि रेणू या दोन संज्ञांत भेद करावा की नाही, हाच तेथे चर्चेला ठेवलेला प्रश्न होता. परिषदेच्या अखेरीस इटलीच्या कानिझारो याची १८५८ ची पुस्तिका उपस्थितांना वाटण्यात आली. त्यात अॅव्होगॅड्रोचे म्हणणे शिक्षकाच्या भाषेत, पायरीपायरीने मांडलेले होते. लोथर मायर याने ती वाचल्यावर आपल्या शंका फिटल्याचे पुढे लिहून ठेवले. मेंडेलेव्हही त्या परिषदेत होता. अणुभार निश्चित झाल्याविना त्याची १८६९ ची आवर्तसारणी होऊच शकली नसती. विशेष म्हणजे कानिझारोची ती पुस्तिका मुळात त्याच्या वर्गातील अध्यापनक्रमाचा आराखडा होती. नवा शोध नव्हे, नीट केलेली उजळणी असेच तिचे स्वरूप होते.

शब्द आले कुठून

वैशेषिक दर्शनात परमाणू हा अंतिम कण, दोन परमाणूंचे द्व्यणुक, आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, अशी रचना सांगितली आहे. हिंदीतील ‘परमाणु’ या परंपरेच्या जवळ आहे. मराठीने ‘अणू’ हाच लहानात लहान कण मानला आणि धूलिकण या अर्थाचा ‘रेणू’ त्यापेक्षा मोठ्या कणासाठी घेतला. दोन्ही योजना आपापल्या जागी सुसंगत आहेत. सरकारी नामकरणात दोन्हींचे सहवास्तव्य पाहावयास मिळते : ‘परमाणु ऊर्जा विभाग’ या केंद्रीय खात्याची मुंबईतील वसाहत ‘अणुशक्तीनगर’ या नावाने ओळखली जाते. कण एकच.

उर्दूची वाट निराळी. ‘जौहर’ म्हणजे अणू आणि ‘सालिमा’ म्हणजे रेणू. अविभाज्य कणासाठी अरबी तत्त्वचर्चेत ‘जौहर-ए-फर्द’ ही संज्ञा फार पूर्वीपासून होती. हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग स्थापन झाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी तेथे हजारो वैज्ञानिक संज्ञा घडवल्या गेल्या. मराठवाडा त्या संस्थानातच असल्यामुळे उस्मानियात विज्ञान शिकणाऱ्या मराठीभाषक विद्यार्थ्यानेही रसायनशास्त्र याच संज्ञांतून शिकले. संयुजा म्हणजे ‘गिरफ्त’, पकड. अणू दुसऱ्या अणूला धरतो ही कल्पना या शब्दात इतकी उघड आहे की मराठी माध्यमाच्या वर्गातही ती सांगून पाहण्यासारखी आहे. जौहर व सालिमा यांचा मराठी किंवा हिंदी अणूशी ध्वनिसाम्याने घोटाळा होत नाही, हा आणखी एक फायदा. अर्थात अलीकडच्या उर्दू पुस्तकांत ‘ऐटम’ही रूढ झाला आहे.

क्षार : मिठाचा की राखेचा?

अणूपेक्षाही फसवा शब्द ‘क्षार’ आहे. मराठी पाठ्यपुस्तक सांगते : आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी मिळते. हिंदी पाठ्यपुस्तक तीच गोष्ट ‘अम्ल, क्षारक एवं लवण’ या शब्दांत सांगते. तेथे ‘क्षार’ म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक, म्हणजे मराठीतील अल्कली. म्हणजे मराठीत क्षार हा उदासिनीकरणातून बाहेर पडणारा पदार्थ आहे, तर हिंदीत तो उदासिनीकरणात आत जाणारा. उर्दूत हीच त्रयी तेजाब, असास आणि नमक अशी येते. जुन्या पुस्तकांत तेजाबऐवजी तुर्शा.

मुळात संस्कृत ‘क्षार’ हा वनस्पतींच्या राखेतून काढलेला तिखट पदार्थ. ‘अल्कली’ हा शब्दही अरबी ‘अल्‌-कली’पासून, म्हणजे जाळलेल्या वनस्पतीच्या राखेपासूनच आला. हिंदीने राखेचा अर्थ धरून ठेवला. मराठीत तो पसरून मीठवर्गीय पदार्थांना लागला. विहिरीचे पाणी ‘क्षारयुक्त’ आहे असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला त्यात विरघळलेली लवणे अभिप्रेत असतात, लाल लिटमस निळा होईल असे नव्हे.

येथे गुणपत्रिकेपलीकडचे नुकसानही संभवते. मराठी कृषिपरिभाषेत ‘क्षारयुक्त’ जमीन आणि ‘चोपण’ जमीन असे दोन प्रकार आहेत. पहिलीत विद्राव्य लवणे साचलेली असतात. चांगले पाणी देऊन ती धुऊन काढणे आणि निचरा करणे हा तिचा उपाय. दुसरीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, पीएच सामान्यतः ८.५ च्या वर जातो, माती ओली असता चिकट व वाळल्यावर टणक होते. तिला जिप्सम द्यावे लागते, कारण जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो आणि मग तो सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. हिंदीत पहिली जमीन ‘लवणीय’ आणि दुसरी ‘क्षारीय’. निमाडमधील एखाद्या शेतकऱ्याच्या माती परीक्षणाच्या हिंदी अहवालातील ‘क्षारीय’ हा शब्द जळगावच्या पाहुण्याने ‘क्षारयुक्त’ असा वाचला, तर जिप्समच्या जागी नुसते पाणी सोडण्याचा सल्ला दिला जाईल, आणि चोपण जमिनीत पाणी मुरतच नाही.

‘वायू’ची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. मराठीत हवा हे अनेक वायूंचे मिश्रण. हिंदीत वायु म्हणजेच हवा, आणि बाकीच्या गैस. तुलनेने हा गोंधळ संदर्भाने सुटतो. ऑक्सिडीकरण व क्षपण यांची मराठी जोडी हिंदीपेक्षा सोयीची म्हणावी लागेल. हिंदीतील ‘उपचयन’ आणि ‘अपचयन’ यांत एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे परीक्षेच्या घाईत ते उलटसुलट होतात. उर्दूतील ‘तक्सीद’ आणि ‘तहवील’ तरी कानाला वेगळे लागतात.

इंग्रजी शब्दच सरसकट वापरावेत, हा उपाय सुचवला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय प्रथम वर्षाची जी हिंदी पुस्तके प्रसिद्ध झाली, त्यांत बहुतेक तांत्रिक संज्ञा इंग्रजीच, फक्त देवनागरीत लिहिलेल्या आहेत. त्याने शब्दांची टक्कर टळते हे खरे. पण ‘मॉलेक्यूल’ म्हटल्याने विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे जोडी उभी राहते असे नाही. अॅव्होगॅड्रोच्या वाचकांपुढेही ती उभी राहिली नव्हती.

उजळणीची रीत

ग्लासगो विद्यापीठातील अॅलेक्स जॉनस्टन याने १९८२ मध्ये रसायनशास्त्राचे तीन स्तर सांगितले : डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे कण, आणि कागदावरील चिन्हे. शिक्षक सहजपणे एका स्तरावरून दुसऱ्यावर जातो, विद्यार्थी मध्येच राहतो. १९८७ मध्ये नुरेनबर्न व पिकरिंग यांनी दाखवले की वायूंच्या नियमांवरील गणिते बरोबर सोडवणारे अनेक विद्यार्थी तोच प्रश्न कणांच्या चित्रातून विचारला की चुकतात. बहुभाषिक वर्गात शब्द हा चौथा स्तर धरावा लागेल.

म्हणून उजळणीची सुरुवात व्याख्येने करण्याऐवजी चित्राने करणे अधिक श्रेयस्कर. फळ्यावर ऑक्सिजनचा एकच गोल आणि दोन गोलांची जोडी काढावी, आणि ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात, तुमच्या पुस्तकात काय म्हणतात’ असे विचारावे. चित्रासमोर मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी नावे विद्यार्थ्यांनीच भरावीत. शब्दाला शब्द जोडलेली यादी येथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात ‘अणू’पुढे ‘अणु’च लिहिला जाण्याचा धोका आहे. मध्ये चित्र असले की तो टळतो.

दुसरी गोष्ट वाचनाची. परीक्षेपूर्वी वही पुन्हापुन्हा वाचणे म्हणजे उजळणी अशी समजूत सार्वत्रिक आहे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले (८१ टक्के विरुद्ध ७५), परंतु एका आठवड्यानंतर पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले (५६ टक्के विरुद्ध ४२). पुन्हा वाचताना ओळखीचा शब्द दिसला की समजल्यासारखे वाटते. ‘अणु’ आणि ‘क्षार’ तर दोन्ही भाषांत ओळखीचेच. तेव्हा वही मिटवून कोऱ्या कागदावर पाण्याची अभिक्रिया आधी गोलांनी, मग चिन्हांनी, मग स्वतःच्या भाषेतील एका वाक्याने लिहावयास सांगावे. दोन-चार दिवसांनी तेच पुन्हा, आणि या खेपेस वाक्य शेजाऱ्याच्या भाषेत.

साहित्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. लालबागच्या राजवाड्याला बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीची, इंग्लंडहून आणलेली भव्य लोखंडी फाटके आहेत. लोखंडावर रंग का द्यावा लागतो, या एका प्रश्नातून ऑक्सिडीकरण, पाण्याचा सहभाग आणि इलेक्ट्रॉनची देवघेव हे सारे उजळून निघते. मराठीत ‘गंज’, हिंदी-उर्दूत ‘जंग’. राजवाड्यातील संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. प्रयोग अर्थातच तेथे करावयाचा नाही. फरशीवाल्याकडून संगमरवराची कपची मागून आणावी.

५ ग्रॅम कपची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा ०.०५ मोल. एका नळीत ती घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालावे. पूर्ण अभिक्रियेला आम्लाचा ०.१ मोल लागतो आणि २.२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो वायू नलिकेने दुसऱ्या नळीतील चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते, म्हणजे तेथे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. आता विद्यार्थ्यांना विचारावे : क्षार कोणत्या नळीत आहे? मराठी बोलणारा पहिल्या नळीतील कॅल्शियम क्लोराइडकडे बोट दाखवील, हिंदीत शिकलेला दुसऱ्या नळीतील निवळीकडे. लाल लिटमसचे दोन तुकडे हाती द्यावेत आणि दोघांनाही आपापले म्हणणे वहीत लिहू द्यावे.